हरण्याचा खांदा

आमच्या शेजारच्या उकंडामामांचा ट्रॅक्टर गळतो, असं त्यांच्या तोंडावर म्हणायची गावात कोणाची टाप नाही. त्यांच्या मते तो गळत नाही, त्याला घाम येतो.

रोज सकाळी दात घासायच्या आधी मामा कोठ्यात जातात. कोठ्यात आता बैल नाहीत, ट्रॅक्टर असतो. मामा वाकून मागच्या चाकांच्या मध्ये हात घालतात, जमिनीवरचं तेलाचं डबकं बोटानं चाचपतात, बोट नाकाशी नेतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "काही नाई बाप्पा, घाम होय. काल भल्ला राबला तो."

मंगळवारी सकाळीही हेच सांगतात, आणि तेव्हा काल तो राबलेला नसतो. काल सोमवार असतो, महादेवाचा वार, आणि त्या दिवशी बैलासारखाच मामा ट्रॅक्टरही जुंपत नाहीत.

त्यांच्या कोठ्याची आणि माझ्या पिठाच्या गिरणीची भिंत एकच आहे. मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून आजूबाजूचे सगळे वडीलधारे माझे मामाजी झाले, त्यातलेच हे एक. आमचं गाव नेरपासून जवळ. कापूस, सोयाबीन, तूर आणि एकमेकांच्या घरात डोकावणं ही इथली मुख्य पिकं. गिरणीचा पट्टा चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलून बोलून माझा आवाज मोठा झाला आहे, आणि भिंत बुटकी आहे. त्यामुळे मामांच्या कोठ्यातल्या कारभारात मी पहिल्यापासून तोंड घालत आले आहे. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. ते कोणाचंच काही मनावर घेत नाहीत.

त्यांच्या नावातच त्यांचा स्वभाव आहे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हे जन्मल्याबरोबर आईनं त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. देवाला वाटावं, हा कचरा आहे, कशाला न्या. मामांनी या गोष्टीचं आयुष्यभर भांडवल केलं. "देवाले फसवून आलो मी, तू कोण?" हे वाक्य त्यांनी तलाठ्याला ऐकवलं आहे, वीजवाल्याला ऐकवलं आहे, आणि मीठ कमी खा म्हणणाऱ्या यवतमाळच्या डॉक्टरलाही ऐकवलं आहे. डॉक्टर बिचारा नवीन होता, त्यानं ते रिपोर्टच्या कागदावर लिहून घेतलं असावं, असा आमच्या ह्यांचा अंदाज आहे.

तर हा ट्रॅक्टर. त्याचं नाव हरण्या. पूर्वी मामांकडे मोऱ्या आणि हरण्या अशी जोडी होती. मोऱ्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि मागं राहिलेला हरण्या म्हातारा होऊन कोठ्यातच गेला. त्यानंतर मामांनी दुसरी जोडी घेतली नाही. एक साल कोठा रिकामा राहिला, मग मामा पुसदला गेले आणि कोणाकोणाच्या हातून फिरून आलेला हा ट्रॅक्टर चालवत घेऊन आले. त्याचा मूळ रंग कोणता यावर गावात अजून एकमत नाही. मामांनी तो सरळ हरण्याच्या जागी, त्याच गव्हाणीसमोर उभा केला, त्याच्या नाकाडावर बैलाच्या गळ्यातली घाटी, म्हणजे घंटा, बांधली आणि मला भिंतीवरून सांगितलं, "सूनबाई, हरण्या आला."

पायात चप्पल घालून मामा त्याच्यावर कधी चढत नाहीत. मागं घ्यायचा असला की "मांगं सर बापा, मांगं सर" म्हणतात, गिअर नंतर टाकतात. दुपारी त्याला सावलीत लावून त्याच्यासमोर बादलीभर पाणी ठेवतात. पाणी कावळे पितात. मी एकदा म्हटलं, "मामाजी, पाणी त्याले नाई, रेडिएटरले पाह्यजे." तर म्हणाले, "त्याले मी वेगळं पाजतो. हे असंच, समोर असलेलं बरं वाटते."

कोणाला बरं वाटतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता ज्याला असं बैल मानलं, त्याला पोळ्याला बाहेर काढणं आलंच. आमच्याकडे पोळा म्हणजे साधी गोष्ट नाही. आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेवर, मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली गावातल्या साऱ्या जोड्या झुली घालून रांगेत उभ्या राहतात. झडत्या होतात, म्हणजे यमक जुळवून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढणं. मग तोरण तुटतं आणि बैल घरोघर जातात. एका पोळ्याला मामांनी हरण्याला बाशिंग बांधलं, बॉनेटवर झूल टाकली आणि थेट रांगेत आणून उभा केला. लोक हसले, पण कोणी हाकललं नाही. झालं असं की हरण्याला तिथंही घाम आला. देवळापुढच्या फरशीवर तेल पसरलं आणि शेजारी उभा असलेला देवराव पाटलांचा बाशिंग्या नावाचा बैल त्यावर घसरून दोन्ही गुडघ्यांवर आला. गुडघे सोलले.

देवराव पाटलांची आमच्या गावात पोळ्याच्या रांगेवर सत्ता चालते. माणूस वाईट नाही, पण बैलापायी कोणाचीही भीड ठेवणार नाही. त्यांनी भर आखरावर सांगितलं, "उकंडा, पुढच्या पोळ्याले हे डबडं तोरणात दिसलं नाई पाह्यजे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते. पोट्टे लाकडाचे बैल घेऊन येतेत ना, त्यात उभं कर."

तान्हा पोळा लेकरांचा. साठी उलटलेल्या माणसाला, ज्याच्या जोडीनं कधी काळी याच पाटलांच्या जोडीला मागं टाकलं होतं, त्याला लेकरांच्या रांगेत जा म्हणणं म्हणजे काय, ते तिथं सगळ्यांना कळलं. मामा काळेनिळे झाले.

"माह्या दावणीले जे आहे ते मी तोरणात आणीन," ते म्हणाले. "देवाले फसवून आलो मी, तू कोण?"

"गळते ते!"

"नाई गळत!"

शेवटी म्हाताऱ्यांनी मध्ये पडून तोड काढली. पुढच्या पोळ्याला हरण्याखाली पांढरं धोतर अंथरायचं. तेलाचा थेंब पडला नाही, तर रांगेत. पडला, तर तान्ह्या पोळ्यात. मामांनी सगळ्यांसमोर मारुतीच्या पायरीला हात लावून कबूल केलं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दुसरा विषय उरला नाही.

नेरच्या रशीदभाईला बोलावणं गेलं. रशीदभाई म्हणजे ट्रॅक्टरच्या कामात मोठं नाव, आणि हे तो स्वतःच सर्वांना सांगतो. आल्या आल्या त्यानं हरण्याच्या पोटाखाली लोळण घेतली आणि निकाल दिला, "हौसिंगच्या जोडातून येऊन राह्यलं. पाकिंग गेलं."

भिंतीवरून बघून बघून मला जेवढं कळलं ते सांगते. मागच्या चाकाचा आस एका जाड लोखंडी नळ्यात असतो, त्याला हौसिंग म्हणतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही मधल्या मोठ्या पेटीला बोल्टांनी जोडलेले. त्या पेटीत हायड्रोलिकचं तेल भरलेलं असतं, त्याच्याच जोरावर मागचा नांगर वरखाली होतो. पेटी आणि हौसिंग यांच्या जोडात कागदी पॅकिंग असतं. ते खराब झालं की तेल बाहेर येतं. मामांना हे सगळं मान्य होतं, फक्त शब्द मान्य नव्हते. ते हौसिंगला खांदा म्हणत. "दोन खांदे अन् मधात मान," ते म्हणाले. "अन् सारं ओझं खांद्यावरच येते. माणसाचं असो का बैलाचं."

रशीदभाईनं तेल काढलं, लाकडी ठोकळे लावून चाक उतरवलं, कप्पीला साखळी बांधून हौसिंग बाजूला ओढलं. जुनं पॅकिंग खरवडून काढलं, दोन्ही बाजूंचं लोखंड पेट्रोलनं पुसून लख्ख केलं. वाळेपर्यंत माझ्याकडे येऊन चहा प्याला. परत जाऊन सोल्युशन लावलं, नवं पॅकिंग बसवलं आणि बोल्ट आवळले. जाताना म्हणाला, "वैनी, या हातचं पाकिंग आजपर्यंत गळलं नाई."

ते लगेच गळलं.

रशीदभाई परत आला. त्याला वाटलं, पॅकिंगचा कागदच खराब निघाला. पुन्हा तेल, पुन्हा चाक, पुन्हा साखळी. या वेळी तो जेवायला आमच्याकडे होता. मग जाऊन जास्त मेहनत घेऊन बोल्ट आवळले, तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. हरण्या शेतात एक चक्कर मारून आला आणि कोठ्यात पुन्हा डबकं झालं. मामांनी बोट नाकाशी नेलं. त्या सकाळी मात्र ते "घाम" म्हणाले नाहीत. गव्हाणीवर बसून राहिले. पोळा तोंडावर आला होता. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी उगाच गिरणी सुरू केली. तिच्यात दळायला काही नव्हतं.

रशीदभाईचंही तोंड उतरलं होतं. नेरमध्ये त्याला लोक विचारायला लागले होते, काय भाऊ, ते डबडं ऐकत नाही म्हणे. तिसऱ्यांदा तो पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच आला. त्यानं जोड उघडला आणि तो एकदम थांबला. पॅकिंग आख्खं त्याच्या हातात आलं होतं. फाटलं नव्हतं, चिकटलंच नव्हतं. त्यानं नखानं त्याच्यावरचं काहीतरी खरवडलं. पिवळं होतं.

आणि त्यानं भिंतीवरून माझ्याकडे बघितलं. "वैनी, तुमच्या गिरणीतली हळद उडून येते काय इकडं?"

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या गिरणीत हळद दळतच नाहीत, तिखटसुद्धा मी पावसाळ्यात घेत नाही. शेवटी मी म्हटलं, "नाक आहे ना तुले? वास घे!"

त्यानं वास घेतला. मग ठोकळ्यावर बसला.

"उकंडाभाऊ, हे तूप होय."

"तूप अन् हळद," मामा निवांत म्हणाले.

"कोणं लावली?"

"मीच. दोन्ही टाइमले."

"या अल्ला! कायले?"

"कायले म्हंजे?" आता मामाच तापले. "तू त्याचा खांदा उघडा केला. खरड खरड खरडला. वरून पेट्रोल लावलं अन् गेला चहा प्याले. त्याची आग झाली नसन काय? उघड्या खांद्यावर कोरडंच जू ठेवतेत काय? माह्या बापानं नाई ठेवलं, मी नाई ठेवत."

इथं थोडं सांगायला हवं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा निबर होतो, म्हणून त्या दिवशी तो कोमट तूप आणि हळद लावून पळसाच्या पानानं मळतात. मग त्याच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. हे मामांनी जन्मभर केलेलं. त्यांना वाटलं, वरवर कशाला, एरवी हात पोचत नाही अशी दुखरी जागा रशीदनं आयतीच उघडून दिली आहे.

"पाकिंग तुपावर बसत नाई, भाऊ!" रशीदभाई रडकुंडीला आला होता. "तेथं बोट लावलं तरी चालत नाई. कोरडं पाह्यजे, कडक कोरडं!"

"तुपावर सारं नरम बसते."

"मले नरम नाई पाह्यजे! घट्ट पाह्यजे! तुमच्यापायी माहं नाव गेलं नेरमधी!"

"तुहं नाव गेलं त गेलं. त्याचा खांदा गेला त?"

दोघंही मागं हटेनात. रशीदभाईनं पाने-पक्कड पिशवीत टाकायला सुरुवात केली. मामांनी तोंड फिरवलं. हा पोळा आता हातचा गेला, हे मला दिसत होतं, आणि दोघांच्या अकलेचा मला इतका राग आला की मी भिंतीवर चढूनच बसले.

"मामाजी," मी म्हटलं, "मोऱ्याच्या खांद्याले तूप लावत होते तुम्ही. कातडी सोलून आतून लावत होते काय?"

मामांनी फिरवलेलं तोंड परत माझ्याकडे वळवलं.

"बोला ना. आतून का वरून?"

"वरूनच," ते म्हणाले. "आतून कसं लावन माणूस?"

"मंग त्याची कातडी उघडी असताना त्यात हात कायले घालता? रशीदभाईले शिवू द्या अगोदर. मंग मळा वरून, किती मळाचं तेवढं. तूप माह्या घरचं."

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. बराच विचार करून ते रशीदभाईला म्हणाले, "शिव."

या वेळी रशीदभाई चहाला उठला नाही. मी कप भिंतीवरून दिला, तो त्यानं डाव्या हातात धरला आणि उजव्या हातानं जोडाची राखण केली. पेट्रोलनं पुसलं, वाळवलं, पुन्हा पुसलं. पॅकिंग बसवून बोल्ट आमनेसामने थोडे थोडे आवळत नेले. उद्या दुपारपर्यंत सुकू द्या, मगच तेल भरा, असं बजावून तो गेला. जाताना त्यानं मामांचा हात हरण्याच्या बॉनेटवर ठेवून शपथ घ्यायला लावली.

संध्याकाळी मी तुपाची वाटी घेऊन गेले तेव्हा मामा पळसाची पानं पुसत बसले होते. एक वाटी त्यांना पुरली नाही, मी घरातून अजून आणली. दोन्ही हौसिंग त्यांनी अशी मळली की जणू बैल डोळे मिटून उभा आहे. मी सहज विचारलं, "मामाजी, एवढी कायले जिद्द? तोरणात नाई उभा राह्यला तर काय बिघडते? पूजा आपण घरीच करू."

ते मळत राहिले. मग म्हणाले, "हरण्या मेला त्या सालचा पोळा आठवते तुले?"

मला आठवत होता. मी पुरणपोळीचं ताट घेऊन आले होते आणि मामांनी दार उघडलं नव्हतं. आतून म्हणाले होते, भूक नाही. मामी वारून तेव्हा बरेच दिवस झाले होते, मुलगी पुसदकडे दिली आहे, पोळ्याला ती तिच्या घरच्या बैलांच्या मागं. मला त्यांचा रागच आला होता, सणाच्या दिवशी अन्न परत पाठवलं म्हणून.

"जेवाचं काय आहे," मामा म्हणाले. "जेवाले कोणी बी देते. पण पोळ्याले आवतन बैलाचं असते, सूनबाई. त्याच्या मांगं माणूस जाते. दारोदार जाते, बायका पाय धुतेत, दोन शब्द बोलतेत. या म्हणतेत. बैल नसला त त्या दिवशी माणूस कोणाच्या दारात जाईन? कोणत्या तोंडानं जाईन? मी दिवसभर घरात बसून घाट्या ऐकल्या. एकीकडून आल्या, दारावरून गेल्या. सारा गाव फिरला. माह्या दारी थांबले नाई, अन् मले बी कोणी या म्हटलं नाई."

मी वाटी धरून उभी राहिले. एवढा फटकळ माणूस, जन्मात कोणापुढं वाकला नाही, आणि एका दिवसाच्या बोलावण्यासाठी त्यानं पुसदहून एवढं लोखंड आणलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी काहीतरी बोलणार होते, पण मामा वाकून हरण्याच्या टाकीशी तोंड नेऊन आवतन देत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रशीदभाई इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आला. तेल भरलं. हरण्या झूल पांघरून, बाशिंग बांधून आखरावर निघाला. मामा शेला बांधून वर, अनवाणी. मागं आम्ही सगळे. बायका तिथं सहसा जात नाहीत, पण त्या दिवशी मी गिरणी बंद करून गेले, आणि मला कोणी अडवलं असतं तर मी बघून घेतलं असतं.

देवराव पाटलांनी स्वतःचं नवं धोतर आणलं होतं. ते हरण्याच्या पोटाखाली अंथरलं. "मशीन चालू ठेव," ते म्हणाले. "अन् मांगचा नांगर वरखाली कर. बंद उभं ठेवून कोणी बी कोरडं राह्यते." हे त्यांचं बोलणं रास्तच होतं. मामांनी नांगर उचलला, खाली घेतला, उचलला. धोतर पांढरं. म्हातारे उकिडवे बसून बघत होते. रशीदभाईच्या ओठांची हालचाल चालली होती. धोतर पांढरंच. मामांनी मिशीवरून हात फिरवला.

आणि डाव्या चाकाच्या आतून एक थेंब पडला. पिवळा. मग त्याच्या शेजारी दुसरा.

"पडला!" पाटील ओरडले.

मामांनी खाली बघितलंच नाही. स्टिअरिंग धरून ते समोर तोरणाकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, कारण त्यावर राग नव्हता.

रशीदभाई मात्र इस्त्रीच्या कुर्त्यासकट हरण्याखाली घुसला. आतून बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग बाहेर आला, धोतरावरचा थेंब बोटानं टिपला आणि सरळ जिभेवर ठेवला.

"तूप आहे," तो म्हणाला. "साजूक. वैनीच्या घरचं."

काल मळलेलं दोन वाट्या तूप इंजिन तापल्यावर पाघळत होतं. पाटलांचा विश्वास बसेना. त्यांनी वास घेतला, बोटावर बोट घासलं, पुन्हा वास घेतला. आता मामा हरण्यावरून खाली उतरले.

"देवराव," ते म्हणाले, "तुह्या बाशिंग्याच्या खांद्याखाली पाह्य."

सगळ्यांनी बघितलं. भर उन्हात उभ्या असलेल्या बाशिंग्याच्या खांद्यावरून पिवळं तूप ओघळून पायाशी ठिपकत होतं.

"काय होय ते?"

"तूप," पाटील म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मंग काढ त्याले बाहेर. नाईतर तान्ह्या पोळ्यात उभा कर."

आखरावर जो हशा पिकला, त्यानं दोन बैल बिचकले. पाटलांनी मान खाजवली, हसू दाबायचा प्रयत्न केला, ते दबलं नाही. "बरं राह्यलं बाप्पा. उभा कर तिकडं, शेवटी."

"शेवटी नाई. माह्या जोडीची जागा तुह्या जोडीच्या बाजूनं होती. तेथंच उभा करीन."

पाटलांनी बाशिंग्याचा कासरा धरून त्याला बाजूला सरकवलं. हरण्या घाटी वाजवत रांगेत शिरला. झडत्या सुरू झाल्या तेव्हा मामांनी सीटवर उभं राहून, गळ्याच्या शिरांची पर्वा न करता आवाज लावला:

"ना कडबा खाय, ना ढेप मागे, डिझल पेते घटाघटा,
तोरणाखाली माहा नंदी, ज्याले खुपन त्यानं हटा!"

"हर बोला महादेव!" अख्खं आखर ओरडलं. पाटलांचा आवाज त्यात होता, मी ऐकला.

तोरण तुटलं आणि मी पळत घरी आले, कारण आता बैल दारोदार येणार होते. कलश भरला, आरतीचं ताट घेतलं, उंबऱ्यात उभी राहिले. हरण्या सगळ्यात आधी आमच्या दारी आला. मी त्याच्या पुढच्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, ओवाळलं. पुरणपोळी पुढं केली आणि अडले. ही कोणाच्या तोंडात द्यायची? मामा खाली उतरले, दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. पोळी घेतली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

मग शेल्यानं तोंड पुसत, पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात की इंजिनापुढं ते मला नीट ऐकू येईना, त्यांनी विचारलं, "सूनबाई, बाकीच्या दारी म्हणतीन काय कोणी, या म्हणून?"

"कायले नाई म्हणत?" मी म्हटलं. खरं तर मलाही माहीत नव्हतं. हसणं वेगळं आणि दारात ट्रॅक्टर ओवाळणं वेगळं. पुढचं दार लोटलेलं होतं. त्याच्या पुढचंही. हरण्या गल्लीतून हळूहळू निघाला, मी ताट हातात घेऊन मागं चालत राहिले. मामा एकदाही डावीउजवीकडे बघत नव्हते.

वळणावर देवराव पाटलांचं घर आहे. दारात पाटलीणबाई उभ्या होत्या, नऊवारी खोचून, एका हातात कलश, एका हातात ताट. त्यांच्या मागं दोन सुना. हरण्या दिसताच त्या तिथूनच ओरडल्या, "भाऊजी, या ना! केव्हाची वाट पाहून राह्यली. कोणता पाय पह्यले धुवाचा याचा, ते सांगा, मले समजत नाई!"

मामांनी इंजिन बंद केलं. खाली उतरायला त्यांना वेळ लागला. पाटलीणबाई वाकून चाकावर पाणी घालायला लागल्या. एक सून हरण्याला ओवाळायला पुढं झाली आणि दुसरी मामांसाठी पाट मांडायला आत पळाली. समोरच्या लोटलेल्या दारांतून एकेक डोकं बाहेर यायला लागलं. कोणीतरी म्हणालं, मामाजी, मंग आमच्याकडं या.

मामांनी सगळ्यांकडे पाठ केली. शेल्याचं टोक डोळ्यांवर दाबलं आणि आपला आवाज फाटला आहे हे कोणाला कळू नये म्हणून, बंद पडून दगडासारख्या उभ्या असलेल्या त्या ट्रॅक्टरवर ते खेकसले, "हलू नको बे! उभा राय नीट! वयनी पाय धुऊन राह्यल्या तुहे!"